इकबालची चकती

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर हसू नका — गोष्ट पाणबुडीच्या गेमची आहे.

तुम्ही म्हणाल, इस्लामपुरात कुठला आलाय समुद्र? खरंय. पण माझ्या कॉम्प्युटरवर होता, आणि दर रविवारी दुपारी जेवण उरकून मी आणि इकबाल त्यात उतरायचो. इकबाल शाळेपासूनचा दोस्त, पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो, म्हणजे तांब्याची तार नव्यानं गुंडाळतो. मी हायस्कुलात गणित शिकवतो. दोघंही चाळिशी गाठलेले घोडे. घरचे नावं ठेवायचे — ठेवू देत.

सेटिंग सगळं खऱ्यासारखं. नकाशावर शत्रूचं जहाज दिसणार नाही, नेम आपोआप लागणार नाही, मध्येच पॉज करायचं नाही. आणि बोट बुडाली की सेव्ह केलेला गेम डिलीट — मेला तो मेला. पेरिस्कोपवर मी. जहाजाचं नाक उभ्या रेघेवर आलं की स्टॉपवॉच दाबायचं, शेपूट पार झालं की बंद. ते सेकंद मी सांगायचे. त्यावरून जहाजाचा वेग आणि टॉर्पेडोचा कोन इकबालनं काढायचा. त्यासाठी त्यानं पुठ्ठ्याची चकती केली होती, तांब्याच्या तारेचा काटा लावून. बारावी नापास माणूस, पण कोन असा काढायचा की मी मास्तर असून गप्प बसायचो. मला ते खुपायचं का? खुपायचं. लय खुपायचं.

आठ महिने एकच बोट टिकवली होती आम्ही. त्या रविवारी मोठं जहाज समोर आलं, आणि माझा मोबाईल वाजला — आमच्या रानातल्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. नुसतं नाव बघितलं मी. मान वर केली तर नाक रेघ ओलांडून गेलेलं. स्टॉपवॉच उशिरा दाबलं. सेकंद कमी भरले, वेग जास्त निघाला, टॉर्पेडो जहाजाच्या पुढून गेला. मग त्या जहाजासोबतच्या युद्धनौकेनं आम्हाला हुडकून बुडवलं.

इकबालनं विचारलं, "वेळ नीट घेतलीस न्हवं?"

"घेतली. तुझं गणित चुकलं."

मला माहीत होतं — बोलतानाच माहीत होतं. त्यानं तीनदा आकडे तपासले. चूक सापडेना, तरी माझ्यावर विश्वास ठेवला. सेव्ह त्यानंच डिलीट केला. चकती पिशवीत घातली आणि पुढच्या रविवारी आलाच नाही. चार वर्षं झाली. मोटारीच्या तारेचे वेढेसुद्धा तो आता दोन-दोनदा मोजतो, मी बघितलंय.

गेल्या आठवड्यात दहावीतल्या लेकीला घेऊन आला. म्हणाला, "हिचं गणित तूच घे रं गड्या. माझं कच्चं हाय, तुला ठावंच हाय."

पोरीनं बापाकडे बघितलं. आणि मी काय केलं? वही उघडून शिकवायला लागलो.

त्या रविवारी घाबरून खोटं बोललो असं म्हणायची सोय नाही. त्याचं एकदा तरी चुकावं, हे मला हवं होतं.

उद्या रविवार. दुपारी इकबालच्या दुकानात जाणार आहे. पोरगी तिथंच असते, तिच्यासमोरच सांगणार. वाक्य ठरलंय, त्यात फिरवाफिरव नाही — पोरी, तुझ्या बापाचं गणित बरोबर होतं. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.