पेटीनं लावलेला कौल

रंजिताताय बारावीला फिजिक्समध्ये नापास झाली. पुरवणी परीक्षेत सुटली आणि शहापूरच्या कॉलेजात बीएस्सीला गेली, विषय फिजिक्सच. कोणी विचारलं तर मान वाकडी करून म्हणायची, "त्यानं मला पाडलंय, मी सोडंन होय त्याला?"

डोळखांबकडच्या आमच्या गावात दोन पाडे, वरचा आणि खालचा. भाताच्या मळणीचं मशीन दोघांत एकच. ते आधी कोणाकडं जाणार हे चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठ्या करायचे वरच्या पाड्याचे कुंडलिककाका. त्यांच्या पाड्याची चिठ्ठी कॅलेंडरच्या जाड, गुळगुळीत कागदाची. खालच्याची वहीच्या चुरगळलेल्या पानाची. उचलायचा काकांचाच नातू. त्याचा हात बरोब्बर कॅलेंडरवर पडायचा. मग काका नाकातून म्हणायचे, "तसं नाय ना, देवाच्याच मनात असतंय, आपण कोण?"

यंदा कापणी झाली आणि आभाळ भरून आलं. रंजिताच्या आईचं, खालच्या पाड्यातल्या मैनाकाकीचं भात शेतात आडवं पडलेलं. मशीन आधी मिळालं तर दाणा घरात, नायतर चिखलात. सगळे देवळापुढं जमले तेव्हा रंजितानं सांगून टाकलं, यंदा चिठ्ठी नाय.

तिच्या हातात साबणाच्या डबीएवढी पेटी होती. आत एक नळी, नळीपुढं मामाच्या जुन्या गॅसबत्तीचं मँटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, प्लास्टिकात बंद केलेलं. बटण दाबलं तशी पेटी बोलली, टिक. मैनाकाकीनं लगेच बोटानं जमीन ठोकली, "कृष्ण कृष्ण." तिला वाटलं पाल चुकचुकली.

रंजितानं समजावलं. जुन्या मँटलात थोरियम असतं, त्याचे अणू फुटतात, फुटला की नळी टिक करते. पुढचा कधी फुटंल ते शास्त्रज्ञाला पण सांगता येत नाय. ते कुठं लपवून ठेवलेलं नाय, आधी ठरलेलंच नसतं. देवीपुढं कौल लावल्यावर फूल उजवीकडं पडतं की डावीकडं बघतो ना, तसंच. पेटीवरचा बारका दिवा एकदा लुकलुकला तेवढ्यात टिक आली तर उजवा, नाय आली तर डावा. उजवा वरच्या पाड्याचा, डावा खालच्याचा.

काका हुशार. आधी नुसतं लावून दाखव म्हणाले. डावा, डावा, उजवा, डावा, डावा.

"तसं नाय ना, ही पेटी तुझ्याच पाड्यात जन्मलेली दिसते."

वरचा पाडा खदखदून हसला. रंजिता कानापर्यंत लाल झाली, पण हटली नाय. झुकतीय, कबूल, ती म्हणाली. झुकलेल्यातनं पण सरळ काढता येतं. दोन-दोनदा विचारायचं. दोन्ही सारखे आले तर फेकून द्यायचे. आधी उजवा मग डावा, तर वरचा पाडा. आधी डावा मग उजवा, तर खालचा. पेटी कितीपण झुकूंदे, या दोन्ही जोड्या यायची शक्यता सारखीच.

डावा-डावा. फेकला. पुन्हा डावा-डावा. फेकला. मैनाकाकी आभाळाकडं बघत होती. मग टिक आली, आणि पुढची आलीच नाय. उजवा-डावा.

वरचा पाडा.

"झाली हौस?" मैनाकाकी पुटपुटली.

काका फुललेच. पेटी खरी बोलली, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं आणि विचारलं, "मग आमची चिठ्ठी काय वाईट होती गो?"

"चिठ्ठी तुमची होती, काका. ही कोणाचीच नाय. जा घेऊन मशीन."

काका मशीनकडं वळले तर त्यांच्याच पाड्याचा नामा आडवा उभा. नामा सहसा तोंड उघडत नाय, म्हणून सगळेच थांबले. वरच्या पाड्यात पण मशीन दर साली आधी काकांच्याच खळ्यावर जायचं.

"रंजू," नामा म्हणाला, "आता आमच्यात पण लाव."

काका मशीनच्या वाटेवरनं मागं फिरले. आत्ताच खरी ठरवलेली पेटी खोटी कशी ठरवणार? कौल लागला, नामाचा.

मशीन नामाच्या खळ्यावर गेलं. रंजिता आईबरोबर ताडपत्री ओढायला शेतात उतरली, तरी थोडं भात भिजलंच. ओल्या पेंढ्या उलट्यापालट्या करता करता मैनाकाकीनं लेकीला बजावलं, "पुढच्या साली पण पेटीच लावायची. चिठ्ठीला हो म्हणालीस तर घरात घेणार नाय."