ऑफलाइन घेऊ

कौशल्या गावंडे लग्न होऊन दिग्रसहून पुण्यात आली, त्याला चोवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस तिने चाकणजवळच्या एका कारखान्यात कुकरच्या रबरी रिंगा तपासण्यात घालवली. रिंग ताणायची, कडेवरून बोट फिरवायचं, चीर लागली की बाजूला टाकायची. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं बधिर होत.

मागच्या वर्षी दुबईचा एक खरेदीदार मिळाला आणि दर सोमवारी इंग्रजीत व्हिडिओ कॉल सुरू झाले. तपासणी विभागाकडून कौशल्याला बसवलं. पहिल्याच महिन्यात तिने जमेल तसं सांगितलं, की नव्या मालातल्या रिंगा ताणल्यावर तडकतायत. मॅनेजर आमोद सर लगेच म्हणाले, "लेट्स टेक इट ऑफलाइन." नेट गेलं असं समजून ती गप्प बसली.

विश्रांतवाडीला घरी आल्यावर तिने मुलीला विचारलं. राजनंदिनी आयटीत, तिचाही दिवस असल्याच कॉलवर जायचा. लॅपटॉपवरून मान वर न करता तिने सांगितलं, की सगळ्यांसमोर नको, नंतर वेगळं बोलू, असा त्याचा अर्थ. कौशल्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सरांच्या बोलावण्याची वाट बघू लागली. तीन आठवडे गेले. एकदा तीच केबिनपाशी गेली, तर सर घाईत होते.

"आई, नंतर म्हणजे कधीच नाही," राजनंदिनी म्हणाली. "सगळीकडे हेच चालतं. सोड ना."

चौथ्या सोमवारी तसल्याच रिंगांच्या चाळीस पेट्या निघायच्या होत्या. कौशल्याचे पाय सुजले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. पण ती रिंग लावलेला कुकर कुणाच्या तरी ओट्यावर चढणार, हेही डोक्यातून जाईना. तिने पुन्हा विषय काढला. सरांनी पुन्हा तेच वाक्य टाकलं.

"नो सर," ती म्हणाली. "नॉट ऑफलाइन. हियर ओन्ली."

आणि तिने एक रिंग कॅमेऱ्यासमोर धरून ताणली. ती तुटली.

पेट्या थांबल्या. आमोद सर महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. खरेदीदाराने मात्र लेखी कळवलं, की यापुढे प्रत्येक कॉलला तपासणीच्या मॅडम हव्यातच. राजनंदिनी पेढे आणते म्हणाली, कौशल्याने नको म्हटलं. सोमवारी कॉल लांबतो, कंपनीची बस निघून जाते, आणि रिक्षा बदलत घरी पोचेपर्यंत आठ वाजतात.