कंपाउंडरांची छोटी सही

राज्यमंत्री झाले तरी लोक त्यांना कंपाउंडरच म्हणत. तरुणपणी दवाखान्यात पुड्या बांधता बांधता अख्ख्या वॉर्डाची दुखणी त्यांना पाठ झाली आणि त्या ओळखीवर ते नगरसेवक झाले. तेव्हा नळाला पाणी नाही म्हटलं, की ते इंजिनियरच्या टेबलासमोर जाऊन बसायचे. पाणी आल्याशिवाय उठायचे नाहीत.

पुढे आमदारकी, मग मंत्रिपद आलं आणि दारात रोज शंभर माणसं उभी राहू लागली. तोंडावर नाही म्हणणं कंपाउंडरांना जमायचं नाही. म्हणून आरोग्य खात्याच्या साहेबांशी त्यांनी ठरवून टाकलं: शिफारसपत्रावर पूर्ण नाव असेल तर काम करायचं, नुसती छोटी सही असेल तर पत्र फाइलला लावून सोडून द्यायचं.

एका सकाळी थोरली बहीण आली. तिची मुलगी सरकारी इस्पितळात नर्स. कच्च्या यादीत तिची बदली डोंगरापलीकडे लागली होती. घरी मेहुणे अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांना कुशीवर वळवण्याइतकी ताकद त्या पोरीच्याच हातात.

"ताई, तू कशाला रांगेत?"

"तुझं नाक पुसलंय म्हणून काय मध्येच घुसू?"

सगळे हसले. हसता हसता, आणखी चौघांशी बोलत, कंपाउंडरांनी पत्रावर सही ठोकली. त्या सकाळची ती साठावी असेल. हात आपला आपण चालत होता.

महिन्याने बदल्यांची अंतिम यादी लागली. भाचीचं नाव डोंगरापलीकडेच होतं. कंपाउंडरांनी फोन उचलला.

"सर, छोटी सही होती," साहेब अदबीने म्हणाले.

"चुकून झाली हो. आता बदला."

"यादी मुख्यमंत्र्यांच्या सहीने निघालीय. आता तुमची मोठीही चालायची नाही."

ते मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर दोन दिवस बसले. आतून निरोप आला, पुढच्या वर्षी बघू.

बहिणीकडे पोचले तेव्हा भाची निघून गेली होती. ताई नवऱ्याला वळवायला बघत होती, पण जमत नव्हतं. कंपाउंडरांनी दुसरी बाजू धरली.

"मेले ते वरचे साहेब तुझंही ऐकत नाहीत बघ," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते, माझ्या भावानं काही कमी केलं नाही."

"ताई, ते पत्र..."

"राहू दे रे. खांद्याला धर नीट."

त्यांनी धरलं. उद्या कोण धरणार, हे तिने विचारलं नाही.