मालूचा कुंडीवरचा कौल

सन २०२४, आश्विन महिना, शरद ऋतू. माझ्या पडवीत आम्ही तिघी दुपारी बसतो, आणि तिथे हकिकती परसातल्या अळवासारख्या न लावता वाढतात. त्या वर्षी मात्र साऱ्या एकाच कुंडीभोवती वाढल्या.

शेजारच्या मालूला तिचा मुलगा पुण्याला कायमचे नेणार होता. जावे की राहावे, तिला ठरवता येईना. देवळात कौल लावावा, देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे ते पाहावे, तर गुडघे पायऱ्या चढू देईनात. म्हणून तिने माझी जाड पानांची कलांचोची कुंडी निवडली.

"रथसप्तमीपर्यंत फुलली तर राहीन. नाहीतर घराला कुलूप."

तीन वर्षांत त्या झाडाला कळीसुद्धा धरली नव्हती. चाळीस वर्षांचा शेजार त्याच्यावर टांगला गेला.

*

आमच्यातली धाकटी शैला. तिने मासे धुतलेले पाणी आणून ओतले. "आमचा माड यावरच धरतो, माई."

फूल आले नाही. आळीतली मांजरे तेवढी आली.

*

मग मी शिस्त लावली. 'पाणी फक्त सोमवारी' असा कागद भिंतीवर चिकटवला. सोमवारी तिघींनीही पाणी घातले. पाने पिवळी पडली.

"पण कोणी घालायचं, ते कुठे लिहिलंत?" शैलाने विचारले.

कागदात ती उणीव होती खरी.

*

दिवाळीत नेमका कुंडीच्या डोक्यावर आकाशकंदील. शैलाने मोबाइलवर वाचले की, या झाडाला रोज चौदा तास सलग काळोख मिळाला तरच कळी धरते.

"त्रिपुरी पौर्णिमेआधी कंदील उतरवायचा नाही," मी बजावले.

"मग झाडाला सांग गो, तोवर डोळे मिटून बस," मालू म्हणाली.

अखेर कुंडीवर तांदळाचा रिकामा डबा पालथा घालू लागलो. संध्याकाळी पाचला ठेवायचा, सकाळी सातला काढायचा. येणारा-जाणारा विचारी, "डब्याखाली काय?"

"मालूताईंचं बिऱ्हाड," शैला सांगे.

*

पौषात कळ्या दिसल्या, पण उमलेनात.

रथसप्तमीच्या सकाळी मुलगा गाडी घेऊन दारात उभा. मी डबा उचलला. केशरी फुले! उजेडाच्या ओढीने तुरा एका अंगाला कलला होता.

मालूने मान वाकडी करून तुरा न्याहाळला.

"फुललं गो माई. पण डावीकडे झुकलंय. उजवा कौल म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. देव नको म्हणतोय."

"फुलली तर राहीन, एवढंच तू म्हणाली होतीस."

"कौल तो कौल."

मुलाने तिची बॅग उचलली.

मी कुंडी अर्धी फिरवली.

"आता बघ."

मालूने पाहिले. मग मुलाकडे वळून म्हणाली, "बॅग आत ठेव. आणि हातपाय धू, घावन घालते."