धुवाचं नसते ते मडकं

मडकं मी राख लावून घासलं होतं. आतून, बाहेरून, नखानं खरवडून. मले वाटलं आत्या खुश होईन. एवढं काळं, चिकट, आंबूस वासाचं मडकं, त्यात देवाची दारू कशी कराची? मी माजरीची, खदानीच्या चाळीतली. मायनं मले भांडे घासाचं शिकवलं, मोहाचं काई शिकवलं नाई. चौथीपर्यंत शाळा झाली, मंग लहान भावंडं सांभाळले, मंग लग्न. माह्या बापाची सख्खी बहीन तेच माही सासू, म्हनून तिले आत्याच म्हनत होती मी. एटापल्लीच्या पलीकडं, जंगलातलं गाव. ऐंशी सालानंतरचे दिवस, पन तिथं लाईट आली नोहती.

आत्याचा हात पडून मोडला होता, बांबूच्या कामट्या बांधून बसली होती. म्हनून सडवा घालाचं काम माह्याकडं आलं. सडवा म्हंजे पान्यात भिजवून आंबवलेली मोहफुलं. तो चांगला उठला, फसफसला, की चुलीवर चढवून त्याची दारू गाळाची. मी फुलं टाकली, पानी टाकलं, झाकलं. दुसऱ्या दिवशी आत्या पाह्याले आली आन तिथंच थांबली.

"हे कोनं धुतलं?"

"मीनं."

"साबन बी लावला?"

"नाई, राख."

"बरं झालं. नाई तं देवाले फेस पाजला असता."

मंग खाली बसून तिनं सांगितलं. त्या मडक्याच्या अंगात जुना सडवा मुरून राह्यते. तिच्या सासूनं बी ते कधी आतून धुतलं नोहतं, उलटं करून चुलीच्या धुरावर टांगून ठेवे. त्याच्यानंच नवी फुलं लवकर उठते. आन आता पूस महिना, थंडी अशी का पान्याले हात लावला तं दुखे.

 आन इकडं माह्या तान्ह्या पोरीचं नाव ठेवाचं होतं. आमच्यात पयले पेनाले म्हंजे आमच्या देवाले, आन पुरख्याइले, मोहाच्या दारूचे थेंब पाडाचे, मंग नाव. तेही आपल्या घरच्या मडक्यातलेच, दुसऱ्याचे नाई. आन मले घाई होती. हिच्या आधीचं माहं पोरगं नाव ठेवाच्या आधीच गेलं. त्याले हाक माराले बी काई नोहतं, मी नुसती "बाबू, बाबू" करत राह्यली. ही पोरगी बी बारीक, दूध ओढता ओढताच दमून जाय.

घरवाला बांबू कटाईले जंगलात गेला होता. मी एकटीच मडक्याजवळ बसून राहो. झाकन उघडून वास घे, परत झाक. पानी जास्त झालं का? फुलं जुनी होती का? वरती पांढरी साय आल्यावानी दिसून राह्यली, ते सडलं तं नाई? आत्याले विचारलं का ती म्हने, "काई नाई होत." थोड्या वेळानं मी परत विचारो.

"अवं, उघडून उघडून पाह्यशील तं मोहा लाजंन," ती म्हने. "तू बाळंत होताना कोनी असं पाहून राह्यलं असतं तं तुले जमलं असतं का?"

मंग तिनंच सांगितलं का मडकं चुलीजवळ घे. तिथंच पोरगी झोपे. मी दोघांवर एकच गोधडी टाकली. एक कान मडक्याकडं, फसफस आयकू येते का, एक कान पोरीकडं, श्वास आयकू येते का. दोघंही चूप असले का माहा जीव जाय. कंबर दुखे, डोळे जळजळ करे, पन उठून गेली आन काई झालं तं, म्हनून उठो नाई.

मंग पोरीची छाती घरघर कराले लागली. मडकं तं तसंच थंड. मी म्हटलं, "आत्या, पान्याचेच थेंब पाडू. आता नाव ठेवून टाकू."

"पान्यानं नाव ठेवते का कोनी?"

"मंग ही बी तशीच जाईन का?"

 पोरीच्या छातीवर आत्यानं हात ठेवला, चांगला होता तो हात. मंग भोपळ्याचा तुंबा घेतला आन धाकट्या जावेच्या घरी निंगाली. मी पोरगी घेऊन मागं मागं.

काकी, म्हंजे तिची धाकटी जाऊ, अंगनात धान पाखडून राह्यली होती. तिच्या घरी सडवा जोरात उठला होता, वास रस्त्यावर येत होता.

"तुंबाभर सडवा दे," आत्या म्हने.

"अवं बाई! तुमच्या मडक्याले तं कोनाचं चालत नाई ना?"

"नोहतं चालत. आता दे."

"माजरीहून सून आनली का घासनी आनली?" काकीनं माह्याकडं पाहून म्हटलं. पन पोरीची घरघर तिले बी आयकू आली असन, कारन मंग तिनं तुंबा तोंडापर्यंत भरून देल्ला.

आत्यानं तो आमच्या मडक्यात ओतला. दुसऱ्या दिवशी दुपारी भात खदखदल्यावानी बारीक आवाज आला. मी उघडून पाह्यलं नाई. नुसती तिथंच भिंतीले टेकली.

दारू गाळली तं लय पातळ उतरली. आत्या म्हने अजून थांबाले पाह्यजे होतं, पन थांबाचं कोनालेच नोहतं. घरवाला जंगलातून आला. गायता, आमच्या गावचा पुजारी, त्यानं पानाच्या दोन्यातून थेंब पाडले आन कडक हाये का पाह्याले जराशी चुलीत टाकली. जाळ बी धड उठला नाई. गावचे म्हातारे पिऊन हासले, एक जन म्हने,

"सूनबाई, घसा तं ओला झाला, पन माह्या पायाइले अजून काई समजलं नाई!"

"पेनाले वास पोहचला," गायता म्हने. "तुमचं नंतर पाहू."

पोरगी आत्याच्या मांडीवर होती. छाती जराशी मोकळी झाल्यावानी वाटत होती, का मलेच वाटत होतं, मालूम नाई. मी खांबाले पाठ लावून बसली होती. बाया गानं म्हनून राह्यल्या होत्या, एवढं आयकलं. मंग जाग आली तं अंगनात कोनीच नोहतं, दोने इकडंतिकडं पडले होते, आन पोरगी माह्या पदरात दूध ओढत होती.

"आत्या, नाव ठेवलं?"

"ठेवलं ना. एवढ्या जोरात म्हटलं, काकीच्या घरापर्यंत गेलं. तू घोरत होती."

"काय ठेवलं?"

तिनं सांगितलं. मी पोरीले त्या नावानं हाक मारली, हळूच. तिनं काई डोळे उघडले नाई, ओढतच राह्यली. मी अजून एकदा मारली.