थंड इंजिनाची वाट

नालासोपाऱ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या शेडमध्ये मी एका छोट्या लाल गाडीच्या रंगावरच भाळलो होतो. शेजारच्या गाडीपाशी नंदाखालहून आलेल्या एक बाई उभ्या होत्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे रे ही."

"मावशी, आत्ताच फेरी मारून आणली," विकणारा म्हणाला.

"गरम असली की कुठलीही चालू होते. थंड असताना कशी उठते ते बघायचंय मला."

"अहो, दोन तास लागतील!"

"शेंगा भरपूर आहेत," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली आणि पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या.

मी लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. तेही गरम होतं. मीही खुर्ची ओढली. बाईंनी वर न बघताच निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.