दाजींचा उपाशी पाहुणा

पाहुण्याला उपाशी परत जाऊ न देणारी माणसं मराठवाड्यात गल्लोगल्ली आहेत. पण पाहुण्याला मुळात परतच जाऊ न देणारा माणूस एकच, तो मानवतला राहतो आणि माझा थोरला साडू लागतो. बायकोच्या मागून मीही त्यांना दाजी म्हणतो. दाजींची पिठाची गिरणी आहे, आणि दळण टाकायला आलेला माणूससुद्धा त्यांच्या लेखी पाहुणाच. आधी चहा, मग पोहे, मग घरची विचारपूस. तोवर पीठ गार होतं, पण डबा काही हातात मिळत नाही. ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून वरण वाढावं तर दाजींनीच. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा निघायच्या वेळी माझी चप्पल सापडेना. शोधता शोधता शेवटची एस.टी. गेली. चप्पल सकाळी ज्वारीच्या पोत्यामागे निघाली, तीही दाजींनीच काढून दिली आणि वर म्हणाले, "उंदरं लय झालीत बगा पाव्हणं." सगळ्याच पाहुण्यांना ते 'पाव्हणं' म्हणतात. आणि पाहुणा जेवल्याशिवाय स्वतः ताटावर बसत नाहीत, हा त्यांचा नेम आजवर कुणाला मोडता आलेला नाही.

हा नेम त्यांच्या जिवावर बेतला तो गेल्या दसऱ्याच्या सुमारास. त्यांच्याच गिरणीवर दळण आणणाऱ्या एका वनरक्षकाने कुणाच्या तरी घरातून एक मांडूळ सोडवून आणलं होतं. हा साप बिनविषारी आणि अगदी गरीब. पण तो गुप्तधन दाखवतो अशी लोकांची समजूत, म्हणून त्या घराने त्याला तुपाच्या रिकाम्या डब्यात कोंडून ठेवलं होतं. वरून रोज हळदकुंकू, पोटात मात्र काही नाही. अंगावर जुनी कात जागोजागी चिकटलेली, खवल्यांत हळद रुतलेली, पाठीचा कणा वर आलेला. मला बघवेना, म्हणजे मी जनावरांच्या दवाखान्याच्या दारातूनच बघत होतो, साप म्हटला की माझं धाडस दाराच्या आत जात नाही. डॉक्टर म्हणाले, उबदार जागा हवी, उंदीर हवेत, आणि थंडी पडायच्या आत याने आपण होऊन खाल्लं तरच जगेल. गिरणीमागच्या खोलीत ऊबही होती आणि उंदीरही. वनरक्षकाने वरिष्ठांची रीतसर परवानगी काढली आणि मांडूळ दाजींकडे मुक्कामाला आलं. दाजींनी त्याला पहिल्याच दिवशी 'पाव्हणं' म्हटलं. तेव्हापासून त्या घरात कुणी 'पाव्हणं जेवले का?' असं विचारलं, की मी गप्प राहायला शिकलो.

दाजींनी काय केलं नाही त्याच्यासाठी! कोमट पाण्याच्या टोपात रोज त्याला बसवायचं, कापसाच्या बोळ्याने एकेका खवल्यातली हळद टिपायची, घमेल्यातली माती चाळून बदलायची. पंचवीस वर्षं जात्याच्या दगडाला टाकी लावणारे ते हात, पण तेव्हा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखे चालायचे. बातमी फुटल्यावर पेडगावहून एक गृहस्थ मुद्दाम आले आणि हळूच म्हणाले, "खरंच धन दावतंय का हो?" दाजी म्हणाले, "ह्याला धन ठावं असतं, तर हे तुपाच्या डब्यात उपाशी ऱ्हायलं असतं का? बसा, चहा घ्या." गृहस्थ दुसऱ्या दिवशी गेले.

पण पाहुणा जेवेना. दाजी चिमट्यात मेलेला उंदीर धरून घमेल्यापुढे तासन् तास बसत. "घ्या की पाव्हणं, एवढा एक. घर आपलंच हाय. लाजू नका." चार-पाच दिवस असा आग्रह चालल्यावर माझी मेहुणी, आमची आक्का, झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, "अवो, तुमी कुणाला भरवायलाव? त्यो तर पाठ करून बसलाय. ते शेपूट हाय त्याचं." मांडुळाचं शेपूट तोंडासारखंच बोथट असतं. खरं तोंड मातीत होतं, आणि दाजी इतके दिवस शेपटाची मनधरणी करत होते. दुसरा कुणी हसला असता. दाजी ओशाळले, उठून घमेल्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "माफी असावी पाव्हणं."

तोंड सापडलं तरी ते उघडेना. इकडे नेमाप्रमाणे दाजींनीही भाकरी सोडलेली. चहा आणि मुरमुरे म्हणजे जेवण नव्हे, एवढीच काय ती सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. सदऱ्यात दोन दाजी मावतील असे दिसू लागले. पहाटे गारवा जाणवायला लागला, तसा आक्काचा धीर सुटला. तिने माझ्यादेखत त्यांना खडसावलं. "त्याला तुमच्या आग्रहाचं भ्या वाटायलंय. घास ठिवा आन् भाईर बसा. एक शब्द बोलायचा न्हाई." जन्मात पहिल्यांदा दाजी पाहुण्यापुढे वाढून उठले. ती दुपार मी विसरणार नाही. गिरणी बंद, दाजी पायरीवर बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानेच बसायची खूण. बऱ्याच वेळाने ते आत गेले. घमेल्यात उंदीर नव्हता आणि मांडुळाच्या पोटाला फुगवटा होता. बाहेर येऊन ते आक्काला एवढंच म्हणाले, "मला बी वाढ आता." आक्का चुलीकडे वळली ती पदराने डोळे पुसतच.

हिवाळा निभावला. मांडूळ भरलं, तकतकीत झालं, आणि त्याने कात टाकली ती नाकापासून शेपटीपर्यंत सलग. वनरक्षकाच्या हवाली करण्याआधी दाजींनी ती दळणाला आलेल्या प्रत्येकाला दाखवली. "कुटं तुटलीय का बगा," असं विचारायचे. मीही बघितली. कुठेच तुटली नव्हती. हा माणूस माझा साडू आहे, असं मी तिथल्या दोन अनोळखी माणसांना उगाच सांगितलं.

होळीनंतर ऊन तापलं आणि वनरक्षक त्याला न्यायला आला. निघायच्या वेळी त्याच्या मोटारसायकलची किल्ली सापडेना. मी सरळ ज्वारीच्या पोत्यामागे हात घातला. दाजी आढ्याकडे बघत होते.

नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीवर दाजींनीच त्याला खाली ठेवलं. त्याने क्षणभर अंदाज घेतला आणि तोंड मातीत घातलं. दाजी वाकून, हात जोडून, वर राहिलेल्या टोकाशी काहीतरी पुटपुटत होते.

"दाजी, ते शेपूट आहे," मी हळूच म्हणालो.

"ठावं हाय मला. तोंडाकडं बगितलं की 'ऱ्हावा' म्हणल्याबिगर जमत न्हाई."

मग शेपूटही मातीत गेलं. घरी आल्यावर मागच्या खोलीत जाऊन त्यांनी घमेलं पालथं घातलं.

संध्याकाळी मी निघालो, तर माझी चप्पल दारात जिथल्या तिथे, जोडीने ठेवलेली. ते मला काही बरं वाटलं नाही. मी ती गुपचूप उचलून पोत्यामागे सारली आणि आत येऊन म्हणालो, "दाजी, चप्पल सापडत नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग उद्या जावा पाव्हणं," ते म्हणाले, आणि आक्काला ताटं घ्यायला सांगितली.